दोन प्रोसेसरचा बोर्ड घेण्याआधी माझं जरा ऐक

अगं, दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट वेग असं तुला ज्यानं कुणी सांगितलंय ना, त्याचं निम्मंच ऐक. उरलेलं निम्मं मी सांगते. तू नारायणगावात लग्नाचे व्हिडिओ एडिट करत असशील, मंचरला ड्रोनच्या फोटोंवरून शेताचे नकाशे बनवत असशील, नाहीतर ओतूरला घरी बसून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची गणितं रात्र रात्र चालवत असशील. काम वाढलंय, संगणक पुरत नाही. अशात मोबाईलवर कुणीतरी दाखवतं, अठ्ठावीस कोअर, एवढीशी किंमत. जीव तिकडे ओढणारच गं. पण पैसे तुझ्या कष्टाचे आहेत, म्हणून आधी नीट बसून बोलू या. घाबरायचं कारण नाही. यातली एकही गोष्ट तुला समजणार नाही अशी नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघ. साध्या मदरबोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा, म्हणजे सॉकेट, एकच असतं. या बोर्डावर दोन असतात आणि प्रत्येक सॉकेटच्या दोन्ही अंगांना त्याची त्याची रॅम असते. दोन्ही प्रोसेसर आपसात एका खास जोडरस्त्यानं बोलतात. हा जोडरस्ता दुकानातल्या नेहमीच्या रायझनमध्ये किंवा कोअर आय-सेव्हनमध्ये नसतोच, त्यामुळे असले दोन एका बोर्डावर बसवता येत नाहीत. त्यासाठी इंटेलचे झिऑन किंवा एएमडीचे एपिक असे सर्व्हरचे प्रोसेसर लागतात. तेही सगळे चालत नाहीत हं. झिऑन ई-५ मालिकेत नंबर १६०० च्या घरातला असेल तर तो एकट्यानंच चालतो, जोडीनं चालायला २६०० च्या घरातला लागतो. एपिकच्या नावाशेवटी इंग्रजी ‘पी’ अक्षर असेल तर तोही एकटाच चालणारा. स्वस्त मिळाला म्हणून असा एकटा प्रोसेसर जोडीच्या बोर्डासाठी आणलास, तर दुसरं सॉकेट कायमचं रिकामं राहील. प्रोसेसर घेताना नावातलं शेवटचं अक्षरसुद्धा वाचायचं, ही सवय आजपासून लाव.

एकेकाळी दोन प्रोसेसरचा बोर्ड घरी असणं खरंच शहाणपणाचं होतं. तेव्हा एका प्रोसेसरमध्ये एकच कोअर, म्हणजे काम करणारा एकच गाभा, असायचा. १९९९ साली अबिट कंपनीनं बीपी-६ नावाचा बोर्ड आणला, त्यावर दोन स्वस्त सेलेरॉन बसायचे, आणि हौशी लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. पुढं २००५ मध्ये एकाच चिपमध्ये दोन कोअर घरच्या संगणकात आले. २०१९ मध्ये साध्या बोर्डावर बसणारा सोळा कोअरचा रायझन आला आणि २०२० मध्ये एकाच सॉकेटमध्ये चौसष्ट कोअरचा थ्रेडरिपर. ज्या कारणासाठी लोक दोन सॉकेट घ्यायचे, त्यातलं बरंचसं काम आता एकच सॉकेट करतं. म्हणून तुझा पहिला प्रश्न ‘कुठला बोर्ड घेऊ’ हा नसावाच. ‘माझं काम दोघांत वाटलं जातं का’ असा तो असावा.

काम वाटलं जाणं म्हणजे काय, हे बघायला आपल्याला लांब जायला नको. खोडदच्या दुर्बिणीच्या डिश तू लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून बघितल्या असशील. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या जीएमआरटीत तीस अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधल्या भागात आणि सोळा तीन भुजांवर, पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आकाशातून आलेल्या रेडिओ लहरींचे संकेत प्रत्येक अँटेनाचे दुसऱ्या प्रत्येक अँटेनाशी जुळवून बघावे लागतात. तीस अँटेनांच्या अशा जोड्या होतात ४३५. त्यातली एक जोडी दुसरीसाठी अडून बसत नाही. शिवाय लहरींचे वेगवेगळे पट्टे पाडून तेही वेगवेगळ्या यंत्रांकडे देता येतात. पूर्वी या जुळवणीसाठी खास घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. मग तिथल्या शास्त्रज्ञांनी बाजारात तयार मिळणारे भाग वापरून ४८ संगणकांचा लिनक्स समूह उभा केला आणि हीच जुळवणी सॉफ्टवेअरमधून, निरीक्षण चालू असतानाच करून दाखवली. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २०१० सालचा आहे. आपल्या जुन्नर तालुक्यात, टोमॅटोच्या वावरांच्या शेजारी हे काम झालंय, याचा मला फार अभिमान वाटतो. आणि पुढं दुर्बिणीचा पट्टा वाढवायची वेळ आली तेव्हा त्यांनी नुसते प्रोसेसर वाढवले नाहीत. जे काम एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपच्या, कार्डाला चांगलं जमतं ते त्याला दिलं, जे ग्राफिक्सच्या चिपला जमतं ते तिला दिलं. आधी काम बघितलं, मग यंत्र निवडलं. तुलाही तेच करायचंय.

आता तुझ्या कामाकडे वळू. दोघी जणी पोळ्या लाटायला बसल्या आणि तवा एकच असला, तर जेवण काही निम्म्या वेळात तयार होत नाही. संगणकाचं तसंच आहे, आणि हे आकड्यांत बघितलंस की कायमचं डोक्यात बसेल. समज, एका कोअरवर तुझं एक काम १०० मिनिटं घेतं. त्यातली ७५ मिनिटं वाटून घेता येतात, पण २५ मिनिटांचं काम एकापाठोपाठ एक असंच करावं लागतं. चौदा कोअर लावलेस तर २५ अधिक साडेपाचच्या आसपास, म्हणजे साधारण साडेतीस मिनिटं लागतील. अठ्ठावीस लावलेस तर पावणेअठ्ठावीस. दुप्पट कोअर घेऊन वाचली तीन मिनिटांपेक्षाही कमी! जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशोब तो हाच. आणि ती २५ मिनिटं कमी करायला लागतो एकेका कोअरचा वेग, जुन्या सर्व्हर प्रोसेसरची नेमकी तीच बाजू लंगडी असते.

खरं सांगू का, याचा निवाडा करायला तुला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. तुझ्याकडे आत्ता जो संगणक आहे त्यावर तुझं सर्वांत जड काम लाव. विंडोज असेल तर टास्क मॅनेजर उघड, ‘परफॉर्मन्स’मध्ये जा, सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून ‘चेंज ग्राफ टू’मधून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवड. एका आलेखाच्या जागी छोटे छोटे चौकोन येतील, प्रत्येक चौकोन म्हणजे काम करणारा एक हात. आता दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत बस. सगळे चौकोन काठोकाठ भरलेले राहतात का? की एक-दोनच वर टेकलेत आणि बाकीचे तळाशी आहेत? रॅमचा आलेख कुठवर गेलाय? ग्राफिक्स कार्डाचा? डिस्कचा? जो आलेख वर टेकून राहतो, तुझे पैसे तिथं घालायचे. एकच दिवस बघू नकोस, आठवडाभराची कामं अशी बघ आणि वहीत लिहून ठेव. ही वही तुला दुकानात फार कामाला येईल.

लग्नाचे व्हिडिओ करत असशील, तर मी ठामच सांगते, दोन झिऑनच्या वाटेला जाऊ नकोस. कॅमेऱ्यातून येणारी फाईल दाबून लहान केलेली असते, एडिट करताना ती सतत उलगडावी लागते. हे उलगडायचं काम इंटेलच्या साध्या कोअर प्रोसेसरमधली अंगचीच ग्राफिक्स चिप, ते क्विक सिंक म्हणतात ना, ती झटकन करते. झिऑन ई-५ मध्ये ती चिपच नाही. रंग सुधारणं, इफेक्ट लावणं यात ग्राफिक्स कार्डाचं काम मोठं. म्हणजे अठ्ठावीस कोअर घेऊनही टाइमलाइन अडखळणार आणि तुला वाटणार आपलंच काही चुकतंय. तुझं काही चुकत नाही. एक चांगला नवा प्रोसेसर, पुरेशी रॅम, बरं ग्राफिक्स कार्ड आणि फाईलींसाठी वेगळी एनव्हीएमई डिस्क, एवढ्यात लग्नाचा सीझन आरामात निघतो.

ड्रोनच्या फोटोंचे नकाशे करत असशील तर गोष्ट थोडी वेगळी. शेकडो फोटो जोडताना रॅम पाण्यासारखी लागते. ओपनड्रोनमॅपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये काही टप्पे सगळे कोअर वापरतात, काही वापरत नाहीत. इथं दोन सॉकेटच्या बोर्डाचा खरा फायदा रॅमच्या जागांचा असतो, सोळा-सोळा जागा मिळतात. पण तुला १२८ जीबी पुरणार असेल, तर ती हल्लीच्या साध्या बोर्डावरही बसते. आणि तू संशोधनाची गणितं करत असशील, एकच प्रोग्राम वेगवेगळे आकडे देऊन शंभर वेळा चालवायचा असेल, तर मात्र हा बोर्ड तुझ्यासाठी आहे. प्रत्येक फेरी स्वतंत्र, कुणी कुणाची वाट बघत नाही. बिलं, टॅली, पतसंस्थेचे हिशोब यांच्यासाठी मात्र हा विचारही मनात आणू नकोस.

अजून एक मधला रस्ता आहे, तो फारसं कुणी सांगत नाही. एपिकचा एकच प्रोसेसर आणि एका सॉकेटचा बोर्ड. त्यात पुष्कळदा रॅमचे आठ मार्ग आणि कार्डांसाठी १२८ लेन एकाच प्रोसेसरकडून मिळतात. खूप रॅम हवी, दोन-तीन ग्राफिक्स कार्डं लावायचीत, पण दोन प्रोसेसरांची कटकट नको, असं असेल तर हे आधी बघ.

आता समज, वही बघून ठरलं की तुला दोन सॉकेटच हवेत. छान, मग ठाम राहा आणि पुढचं लक्ष देऊन वाच.

पहिलं, सॉकेटची पिढी. जुन्या बाजारात सर्वांत जास्त दिसतात ते एलजीए २०११-३ सॉकेटचे बोर्ड. त्यावर ई-५ २६०० मालिकेचे व्हर्जन तीन आणि चार बसतात, रॅम डीडीआर-४ लागते. नुसता ‘२०११’ लिहिलेला बोर्ड त्याच्या आधीचा, व्हर्जन एक आणि दोनचा, डीडीआर-३ वाला. नाव सारखं दिसतं, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर चालत नाही. एलजीए ३६४७ त्यानंतरचा, २०१७ पासूनचा. आज घ्यायचाच तर २०११-३ च्या मागं जाऊ नकोस. बोर्ड व्हर्जन तीनच्या काळातला असेल आणि तू व्हर्जन चारचा प्रोसेसर लावणार असशील, तर बायोस अपडेट केलेलं आहे का ते विकणाऱ्याला विचार. दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे घे, ‘जवळपास सारखे’ चालणार नाहीत.

दुसरं, मापं. साधा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. दोन सॉकेटचे बरेच बोर्ड ३०५ बाय ३३० चे, एसएसआय ईईबी मापाचे असतात आणि त्यांची स्क्रूची भोकंही थोडी वेगळ्या जागी असतात. तुझी आत्ताची कॅबिनेट त्याला पुरणार नाही, हे धरूनच चाल. कॅबिनेटच्या माहितीत ‘ईईबी’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घे.

तिसरं, रॅम. २०११-३ मध्ये प्रत्येक प्रोसेसरला रॅमचे चार मार्ग असतात, म्हणजे दोघांचे मिळून आठ. म्हणून ६४ जीबी हवी असेल तर आठ-आठ जीबीच्या आठ पट्ट्या घे, बत्तीसच्या दोन नको. सगळी रॅम एकाच्याच बाजूला लावलीस तर दुसरा प्रत्येक वेळी जोडरस्त्यानं पलीकडे जाऊन मागत बसेल आणि तिथंच वेळ जाईल. कुठली पट्टी कुठल्या खाचेत आधी, हे बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, अंदाजानं लावू नकोस. इथं सर्व्हरची ‘रजिस्टर्ड ईसीसी’ रॅम लागते. ती दिसायला घरच्या डीडीआर-४ सारखीच, खाचही तीच, त्यामुळे साध्या बोर्डावर बसते, पण चालू होत नाही. दोन्ही प्रकार एकत्र करायचे नाहीत.

चौथं, कार्डांच्या जागा. बोर्डावरच्या काही जागा पहिल्या प्रोसेसरच्या मालकीच्या, काही दुसऱ्याच्या. ‘आधी एकच प्रोसेसर लावते, दुसरा दिवाळीला घेईन’ असा बेत असेल, तर दुसऱ्याच्या वाट्याच्या रॅमच्या आणि कार्डांच्या जागा तोवर बंद राहतील. बेत वाईट नाही, फक्त ग्राफिक्स कार्ड पहिल्याच्या जागेत लाव. सर्व्हरच्या बोर्डावर आवाजाची पिन, वाय-फाय, एम.२ ची जागा पुष्कळदा नसते, यूएसबीही मोजक्या असतात. हे सगळं वेगळं घ्यायला लागलं तर किती पैसे जातील, ते आधीच वहीत मांड.

पाचवं, विंडोज. हे ऐकून तू चकित होशील, विंडोज ११ होम एकच प्रोसेसर वापरते. दुसऱ्याला ती हातच लावत नाही. दोन सॉकेटसाठी प्रो लागते, तिचा खर्च धर. शिवाय ई-५ व्हर्जन तीन-चार हे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या मान्य यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून या जुन्या जोडीवर खरं सुख मिळतं ते लिनक्समध्ये. तुझं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नसेल, तर इथंच थांब आणि एका सॉकेटकडे वळ. त्यात कमीपणा काही नाही.

सहावं, वीज. दोन सॉकेटच्या बोर्डाला प्रोसेसरसाठी आठ पिनांच्या दोन वायरी लागतात. तुझ्या एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला, अशा दोन अंगच्या वायरी हव्यात. दुसरीसाठी जोडतुकडा लावून भागवायचं नाही, वायर तापते. ई-५ २६८० व्हर्जन चारचं उदाहरण घे. चौदा कोअर, १२० वॅट, दोन लावले की २४० वॅट, आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं. सोळा कोअरचा रायझन ५९५० एक्स १०५ वॅटचा. हा उष्णतेचा अंदाज असतो, मीटरवरचा आकडा थोडा वेगळा येईल, पण दिशा कळते. समज, हा दोन सॉकेटचा संगणक एका सॉकेटवाल्यापेक्षा २०० वॅट जास्त खातोय आणि रोज आठ तास चालतोय. दिवसाला १.६ युनिट, महिन्याला ४८ युनिट जास्त. वर्षाचा हिशोब तूच कर आणि बोर्डाच्या किमतीत मिळव, मग तो स्वस्त राहतो का बघ.

खरेदीला गेलीस की काय बघायचं ते सांगते. पुण्यात तपकीर गल्लीत जा, मुंबईला लॅमिंग्टन रोडला जा, की ऑनलाइन माग, बोर्ड हातात आल्यावर पहिल्यांदा सॉकेट बघ. या बोर्डांवर पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, दोन हजारांवर, केसाएवढ्या बारीक. मोबाईलची टॉर्च तिरकी धर आणि हळूहळू फिरव. सगळ्या पिनांची टोकं एका ओळीत चमकली पाहिजेत. मधेच कुठं काळा ठिपका दिसला किंवा एखादं टोक शेजारच्या टोकांपेक्षा वेगळ्या बाजूला चमकलं, तर ती पिन वाकलेली आहे. बोर्ड तिथंच ठेव आणि पुढं हो. दुसरं सॉकेटही तसंच बघ, कारण कित्येकदा पहिलंच दाखवलं जातं. बोटानं आत स्पर्श करू नकोस, आणि प्लास्टिकचं झाकण नसेल तर बोर्ड घेऊ नकोस.

मग कूलरची जागा बघ. २०११ सॉकेटच्या कडेच्या चार स्क्रूंची मांडणी दोन प्रकारची असते. चौकोनी, ८० बाय ८० मिलिमीटर, आणि अरुंद, ५६ बाय ९४. बाजारातले बहुतेक कूलर चौकोनीला बसतात. पट्टी घेऊन जा आणि मोज, लाजू नकोस. दोन कूलर शेजारी शेजारी बसतील का, त्यांच्याखाली रॅमच्या पट्ट्या अडकणार नाहीत ना, हेही तिथंच बघून घे.

विकणाऱ्याला सांग, बोर्ड चालू करून दाखवा. बायोसच्या पडद्यावर दोन्ही प्रोसेसरांची नावं आणि सगळी रॅम दिसली पाहिजे. लांबून मागवत असशील तर त्याचा व्हिडिओ माग, ज्यात बोर्डाचा सिरियल नंबरही दिसेल. बिलावर तोच नंबर हवा, आणि किती दिवसांची टेस्टिंग वॉरंटी ते लिहून हवं. ‘ताई, तुम्ही घ्या हो, काही होत नाही’ हे बिलावर छापलेलं नसतं. दुकानदार तुझ्याशी बोलायचं सोडून बरोबर आलेल्या भावाशी बोलायला लागला, तर वही उघड आणि पुढचा प्रश्न तूच विचार. दोन प्रश्नांत त्याला कळतं कुणाशी बोलायचं ते. बाजारात ‘एक्स ९९’ नावानं नवे दोन सॉकेटचे बोर्डही मिळतात. त्यांची दुरुस्ती इथं कोण करणार, बायोस कुठून मिळणार, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

सुटे भाग जुळवायचा धीर होत नसेल, तर कंपन्यांचं जुनं तयार वर्कस्टेशन बघ. एचपीचं झेड ८४० किंवा डेलचं प्रिसिजन ७९१०, यात दोन सॉकेट, कूलर, एसएमपीएस, कॅबिनेट सगळं एकमेकांसाठीच बनवलेलं असतं. पहिल्यांदाच घेणाऱ्या मुलीला मी हेच सुचवेन. फक्त त्यांचे बोर्ड आणि एसएमपीएस खास मापाचे असतात, बिघडले तर साध्या दुकानातला भाग चालत नाही, एवढं लक्षात ठेव.

घरी आणलंस की आपल्या भागाचा विचार कर. वीज जाते, येते, आणि येताना झटका देऊन येते. छोटा ६०० व्हीएचा यूपीएस या जोडीला अजिबात पुरत नाही. ग्राफिक्स कार्डासकट निदान दीड-दोन केव्हीएचा धर, आणि तोही शुद्ध साइन वेव्हचा, कारण हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसला तोच मानवतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घे, यात चालढकल नको. भीमाशंकर, आहुपे, माळशेजच्या बाजूला राहत असशील, तर पावसाळ्यात ओलावा भिंतीतून येतो, संगणक भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून वर ठेव. कांद्याची काढणी, मळणी सुरू झाली की धूळ घरभर होते, कॅबिनेटच्या जाळ्या काढून स्वच्छ करत जा. आणि कॅबिनेट उघडी ठेवून वापरू नकोस. धूळ तर जातेच, शिवाय संगणकातून रेडिओ लहरींचा गोंगाट बाहेर पडतो, बंद धातूची कॅबिनेट तो बराच अडवते. आपण खोडदच्या शेजारी राहतो, एवढं भान आपल्याला असावं.

जुळवताना घाई करू नकोस. बोर्ड त्याच्याच खोक्यावर, बाहेर, टेबलावर ठेव. आधी पहिला प्रोसेसर आणि त्याच्या बाजूची एकच रॅम लाव, चालू करून बघ. चाललं की बंद कर, वायर काढ, मग दुसरा प्रोसेसर आणि त्याची एक पट्टी. मग बाकीच्या. काही अडलं तर कुठं अडलं ते लगेच कळतं. आणि बघ, हे बोर्ड चालू व्हायला वेळ घेतात, रॅम तपासत बसतात. मिनिटभर पडदा काळा राहिला तर बटण दाबून बंद करू नकोस, थांब. सगळं बसलं की रॅम तपासणारा मेमटेस्ट प्रोग्राम रात्रभर चालव. रॅमची एकही चूक निघाली तर वॉरंटीचे दिवस संपायच्या आत ती पट्टी परत कर.

एवढं ऐकून डोकं भणभणलं असेल ना? भणभणू दे, पण माघार घेऊ नकोस. यातलं निम्मं तुला लागणारही नाही, कारण माझा अंदाज असा आहे की तुझी वही तुला एका सॉकेटकडेच नेईल. नेली तर खुशाल तिकडे जा, कुणी ‘बस, एकच प्रोसेसर?’ म्हटलं तरी. वाचलेले पैसे रॅममध्ये, डिस्कमध्ये आणि यूपीएसमध्ये घाल. आणि वहीत सगळे चौकोन आठवडाभर काठोकाठ भरलेले दिसले, तर दोन सॉकेट बिनधास्त घे, घरात कुणी ‘एवढा कशाला’ म्हटलं की ती वही समोर ठेव. आज रात्री पुढचं काम रेंडरला लावशील तेव्हाच टास्क मॅनेजर उघड आणि पहिली ओळ लिही. दुकानाचं पुढच्या आठवड्यात बघू.